समुद्र हवा, डोंगरही हवा

उन्हाळी सुट्टीत समुद्र हवा आणि डोंगरही, हा ठराव वसई-विरारच्या घराघरांत एकमताने मंजूर होतो. मग नावं निघतात गणपतीपुळे, गोवा. पश्चिमेला अर्नाळा, राजोडी, कळंब आणि पूर्वेला तुंगारेश्वर असलं म्हणून काय झालं? तिथे मुंबईकर जातात! चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये सर केलेला वसईचा किल्ला तर हल्ली प्री-वेडिंगवाल्यांकडे आहे. तेव्हा साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला बाबा रेल्वे तिकिटासाठी मोबाइल सरसावून बसतात. आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग. शेवटी मामांची गाडी निघते आणि घोडबंदर रोडच्या कोंडीत रुतते. उजवीकडे डोंगर, डावीकडे खाडी. मागच्या सीटवरून आजी विचारते, "पोचलो का रे?"