टोकाची काळजी

पुरुषाने केस वाढवायला घेतले की पहिले काही महिने तो काही करतो आहे असं कोणाच्या लक्षातच येत नाही. न्हाव्याकडे जायचा आळस, एवढाच त्याचा अर्थ लावला जातो, आणि आळस आपल्याकडे घरोघरी खपतो. खरी पंचाईत होते ती केस कानांवर उतरल्यावर. मागे बांधावेत तर पुरत नाहीत, पुढे सोडावेत तर डोळ्यांत जातात. या अडनिड्या काळात माणूस देखणा तर दिसत नाहीच, पण धड विस्कटलेलाही दिसत नाही.

मला त्या दिवसांत सोसायटीच्या जिन्यात नाना प्रश्न विचारले गेले. "नवस आहे का?" हा त्यांतला सर्वांत सौम्य. गावाहून आलेल्या एका मावशींनी आधी माझ्या डोक्याकडे आणि मग बायकोच्या पोटाकडे टक लावून पाहिलं. बायको गरोदर असताना नवऱ्याने केस कापायचे नसतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमची मुलगी कॉलेजात जाते हेही त्यांना ठाऊक होतं, पण आशा कोणाला सुटली आहे? बायकोने त्यांच्यापुढे चहाचा कप असा काही ठेवला की विषय तिथेच मिटला.

"हौस म्हणून वाढवलेत" हे उत्तर पुरुषाच्या केसांबाबत कोणालाच पटत नाही. देवाच्या नावाने वाढवलेले केस चालतात, मरीआईच्या पोतराजाला कोणी "कटिंग कधी?" असं विचारत नाही. तबल्यावर हात बसलेला असेल तरी चालतात. क्रिकेटपटूचे तर कौतुकाचे होतात. २००६ साली लाहोरच्या एकदिवसीय सामन्यानंतर पाकिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांनी धोनीला भर मैदानात, माझं ऐकशील तर केस कापू नकोस, असा सल्ला दिला होता. दोन्ही देशांचं एकमत झालेला तो बहुधा एकमेव विषय. धोनीने तोही टिकू दिला नाही. पुढच्याच वर्षी टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकल्यावर केस कापून मोकळा झाला.

आपल्यापाशी ना नवस, ना तबला, ना विश्वचषक. तेव्हा निदान केस तरी बरे दिसावेत, इतकीच अपेक्षा उरते. आणि इथे कळतं की लांब केस वाढवावे लागतच नाहीत. ते आपले आपण वाढतात, महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर, वर्षाला पंधराएक. तुम्ही कामात असा, झोपेत असा, त्यांचं चालूच. आपल्याला करायचं असतं ते एकच काम, वाढलेलं टिकवायचं. आणि त्याचं शिक्षण पुरुषाला कोणी दिलेलं नसतं.

हिशेब करून पाहा. खांद्यावर रुळणारं केसाचं टोक दोन-अडीच वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर पडलेलं असतं. तेवढ्या काळात त्याने दोन दिवाळ्यांची अभ्यंगस्नानं, दोन रंगपंचम्या, दोन वैशाखांचं ऊन आणि टँकरचं पाणी सोसलेलं असतं. शिवाय ते निर्जीव असतं. केसाचं जिवंत असतं ते फक्त मूळ. कातडीला ओरखडा उठला तर चार दिवसांत भरून येतो, केसाला ती सोय नाही. केसावर केराटिनच्या बारीक खवल्यांचं आवरण असतं, जुन्या घरावरच्या कौलांसारखं एकावर एक चढवलेलं, मुळाकडून टोकाकडे उतरत गेलेलं. कौलं सरकली, फुटली की आतला गाभा उघडा पडतो, त्याचे तंतू सुटतात आणि टोकाला फाटे फुटतात. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारं तेल तिथवर पोचत नाही. म्हणजे सर्वांत जुनं, सर्वांत झिजलेलं आणि सर्वांत उपाशी असं ते टोक, आणि आपण सगळा लाड करत असतो मुळांचा. डोकं खसाखसा चोळतो, फेस काढतो आणि तोच फेस टोकांनाही फासतो. खरं तर शाम्पू मुळांपाशी लावावा. खाली ओघळून जातो तेवढा टोकांना पुष्कळ झाला. कंडिशनरचं बरोबर उलटं, तो टोकांना लावायचा, वर न्यायचा नाही.

हे घरातल्या बायकांना माहीत असतं. शाळेत न शिकता माहीत असतं. माझी आई, बायको आणि मुलगी यांचं भाजीच्या फोडणीपासून कशावरही एकमत होत नाही, पण ओल्या केसांत कंगवा घालायचा नाही यावर तिघी एक आहेत. कारण साधं आहे: ओला केस कमकुवत असतो, ओढला की ताणतो आणि तुटतो. पुरुषाला विंचरणं माहीत असतं ते भांग पाडण्यापुरतं. आंघोळीहून आलं की आरशापुढे उभं राहून कपाळापासून मानेपर्यंत एक जोरदार फटका. दोन इंच केसांना तो फटका सोसतो, दहा इंचांना नाही. "आधी खालचा गुंता सोडव, मग वर जा," हे आईचं सांगणं. रुंद दातांचा कंगवा, केस जवळजवळ सुकलेले, आणि सुरुवात टोकापासून. वरून सुरू केलं तर प्रत्येक गुंता खाली ढकलला जातो आणि टोकाशी सगळ्यांचा मिळून एकच होतो.

टॉवेलचंही तेच. जाडाभरडा टॉवेल डोक्यावर घासणं हा पुरुषांचा जन्मसिद्ध हक्क मानला गेला आहे. त्यापेक्षा जुना, धुऊन धुऊन मऊ पडलेला सुती पंचा बरा; तो केसांभोवती गुंडाळायचा आणि पाणी टिपू द्यायचं. अर्थात जुनं ते सगळं सोनं नव्हे. पंच्याने ओले केस फटाफट झटकायची जी पद्धत आजीच्या काळी होती, ती कौलं उडवायला पुरेशी आहे. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तिचे केस गुडघ्यापर्यंत होते." यावर काय बोलणार? काहींची केसांची जातच दणकट असते.

खोबरेल तेलाच्या बाबतीत मात्र आजी निर्विवाद जिंकली आहे. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल यांची तुलना करून शोधनिबंध छापला. केसांतून निघून जाणारं प्रथिन स्पष्टपणे कमी झालं ते एकट्या खोबरेलाने, आणि तेही धुण्याआधी लावलं तरी, नंतर लावलं तरी. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकतात, बाकीची तेलं वरच्या वर राहतात, असं त्याचं स्पष्टीकरण. प्रयोगशाळा खोबरेल विकणाऱ्या कंपनीची होती हे खरं, तेव्हा थोडं हातचं राखून ऐकावं. पण आजी काही विकत नव्हती, आणि तीही हेच सांगत होती. रात्री टोकांना तेल, सकाळी न्हाणं. एवढंच करावं. तेल चोपडून उशीवर तवंग आणू नये. त्याने केस राहतील, घरातली शांतता राहणार नाही.

पुण्यासारख्या दुचाकीच्या शहरात टोकांचा मोठा शत्रू म्हणजे प्रवास. हेल्मेटखालून बाहेर आलेले केस वाऱ्यावर उडतात, शर्टाच्या कॉलरवर घासतात, पाठीवरच्या सॅकच्या पट्ट्यात अडकतात. पुण्यातल्या मुली तोंडाला आणि डोक्याला स्कार्फ गुंडाळून फिरतात त्याची आपण पुरुषांनी बरीच थट्टा केली. आता मीही सिग्नलला मानेवर रुमाल बांधलेला असतो आणि शेजारच्या गाडीवरची मुलगी माझ्याकडे बघून हसते. फिटंफाट झाली. केस सैल बांधावेत आणि टोकं आत घ्यावीत, म्हणजे निम्मा प्रश्न सुटतो. फक्त बांधताना मिठाईच्या खोक्याचं रबर घेऊ नये. ते काढताना केस सोबत घेऊनच येतं. मुलीच्या खणातलं कापडी रबर घ्यावं. ती ओरडते, पण दुसरं आणते.

या सगळ्यात मला शीख मंडळींचा आदर वाटत आला आहे. त्यांच्यात केस कापायचेच नाहीत, म्हणजे फाटे फुटले तर छाटायची पळवाट नाही; सगळी भिस्त जपण्यावर. पंच ककारांत केसांबरोबर लाकडी कंगा आहे तो उगाच नव्हे. रोज विंचरायचं, बांधायचं आणि वर पगडी, म्हणजे ऊन, वारा, धूळ, घासणं, सगळ्यालाच दार बंद. नांदेडला हुजूर साहिबला गेलात तर पांढऱ्या दाढीच्या एखाद्या बुजुर्गाला केस बांधताना पाहा. घाई कुठेच दिसणार नाही.

आपल्याला कात्रीची मुभा आहे, तेव्हा ती नाकारू नये. फुटलेला फाटा कुठल्याही सीरमने सांधला जात नाही. चिकटल्यासारखा दिसतो तो पुढच्या न्हाण्यापर्यंत. सोडून दिला तर चीर वर चढत जाते आणि अर्धा इंच वाचवायच्या नादात तीन इंच जातात. टोकं कापल्याने केस भराभर वाढतात ही समजूतही खोटी, कारण वाढ मुळाशी होते आणि टोकाला काय झालं याची मुळाला खबर नसते. कापायचं ते फक्त वर चढणारी चीर थांबवण्यासाठी. दोन-तीन महिन्यांनी अर्धा-एक सेंटिमीटर गेलं तरी वाढ शिलकीतच राहते. घरी करायचं तर बट हलकेच पिळावी, बाहेर डोकावणारे फाटे तेवढे छाटावेत. कात्री केसांची हवी, धारदार हवी. स्वयंपाकघरातल्या, दुधाच्या पिशव्या कापून बोथटलेल्या कात्रीने केस कापला जात नाही, चेचला जातो, आणि तिथेच नवा फाटा फुटतो.

पण बहुतेक जण न्हाव्याकडेच जाणार. आपल्याकडचे कारागीर हाताचे पक्के असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्यांचा सगळा अभ्यास केस कमी करण्याचा असतो. "टोकं तेवढी घ्या" असं म्हटलं की "बरं साहेब, मीडियम" असं उत्तर येतं, आणि मीडियम म्हणजे दीड वर्षाची मेहनत फरशीवर. तेव्हा तोंडी मापावर विसंबू नका. करंगळीच्या नखावर माप दाखवा, पहिली बट कापून झाली की ती हातात मागून घ्या, आणि ती नखाएवढीच आहे हे पाहिल्याशिवाय खुर्चीत मान टाकून डोळे मिटू नका.