शेड पाच हजारांचं

नांदेड-लातूर रस्त्यावरून अहमदपूरच्या अलीकडं आत वळलं की आमचं शेत. त्यात थोरल्या भावानं बांधलेलं 25 बाय 200 फुटांचं शेड आहे. ऊन आत येऊ नये म्हणून पूर्व-पश्चिम. पक्ष्यामागं एक चौरस फूट या हिशोबानं पाच हजार पक्षी मावायचे. कंपनी पिल्लं द्यायची, खाद्य द्यायची आणि चाळिसेक दिवसांत दोन किलोंचे झालेले पक्षी गाडीत घालून न्यायची. भाऊ त्यांना कधी कोंबडी म्हणाला नाही. ‘माल’ म्हणायचा. मग 2020 चा मार्च आला, कोंबडी खाल्ली की कोरोना होतो अशी आवई उठली, जिवंत पक्षी दहा रुपये किलोनंही कोणी घेईना. शेडाला कुलूप लागलं.

निवृत्त झाल्यावर मी ते उघडलं. गावरान कोंबड्या पाळाव्यात, जागा आयतीच आहे, असा माझा हिशोब. पशुवैद्यक डॉक्टरांनी तो तिथंच खोडला. जुन्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू महिनोन्महिने दडून बसतात म्हणे; म्हणजे शेडाबरोबर हगवणही वारशातच आली. तूस खरवडला, फरशी धुतली, जाळीवर जाळ फिरवला, भिंतींना चुना दिला. पोरीच्या लग्नात घराला एवढा चुना लागला नव्हता.

आठवडी बाजारातून अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. एकेकाच्या वाट्याला चारशेच्या वर चौरस फूट! लातूरला ट्युशनला आलेल्या पोराला याच्या चौथाईएवढी खोली मिळत नाही. शेजारचे मामा जाळीला नाक लावून म्हणाले, “गुरुजी, एवढ्या शेडात बाराच पाळू लालाव का?”

पण त्या बारांनाही शेड नकोच होतं. दिवस मावळला की सगळ्या फडफडत लिंबाच्या झाडावर. पाच हजारांचं शेड खाली रिकामं, आणि मी हातात काठी घेऊन झाडाखाली ‘या गं बायांनो’ करत उभा. खाद्याचंही तसंच. आमचंच सोयाबीन मोंढ्यात जातं, तेल काढून उरलेली पेंड खाद्याच्या पोत्यातून परत येते, मधलं भाडं आमच्याच खिशातून. ते पोतं फोडून ठेवलं, तर बाया निघाल्या उकिरड्याकडं.

2025 च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेनं बर्ड फ्लू सांगितला, तेव्हा लिंबावर कावळा बसला तरी माझ्या पोटात गोळा यायचा. महिनाभर कोंबड्या जाळीआड कोंडल्या. त्यांनी ओरडून शेड डोक्यावर घेतलं.

आता त्यांतली एक खुडूक बसलीय. बाईनं जागा कोणती धरावी? कोपऱ्यातला जुना वजनकाटा! भावाचा सगळा माल ज्याच्यावरून गेला, तोच. डालं ठेवून पाहिलं, तूस पसरून पाहिला, ती ढिम्म हलेना. शेवटी तिथंच गोणपाट घालून तेरा अंडी मांडली. हात पुढं केला की पिसं फुलवून चोच मारते. परवा भाऊ आला, बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. काट्यावर वजन किती भरलं असेल, असं मी गमतीनं विचारलं. तर म्हणाला, “हळू बोल, पिवळी उठंल.”

एकविसावा दिवस येत्या सोमवारी आहे. बघायला कोणी येणार असाल, तर दारात चुना टाकलाय. त्यात पाय ठेवून या.