दौऱ्यावरची स्थलदर्शने : सातारा व सांगली

पतसंस्थांची दप्तरे तपासत सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फिरणारा लेखापरीक्षक स्थलदर्शनासाठी बाहेर पडत नाही. स्थळेच त्याच्या वाटेत येतात. प्रवासभत्त्याच्या बिलात निघण्याचे ठिकाण, पोहोचण्याचे ठिकाण आणि प्रयोजन असे रकाने असतात. हौसेला रकाना नसतो. त्यामुळे किल्ला, विहीर किंवा धबधबा यांना दोन कामांच्या फटीत बसवावे लागते.

सुरुवात साताऱ्यापासून होते. रेल्वेने आल्यास ती साताऱ्याच्या जरा अलीकडेच होते, कारण सातारा नावाचे स्थानक शहराबाहेर माहुलीजवळ आहे. अजिंक्यतारा शहरातल्या कुठूनही दिसतो, म्हणूनच चढायचा राहतो. सज्जनगडावर समर्थ रामदासांची समाधी आहे. तिथल्या पायऱ्या जेवणाआधी चढाव्यात. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. तिथे फुलांचा बहर पावसाळा सरता सरता येतो, हिशेबतपासणीचा मात्र एप्रिल-मेमध्ये. लेखापरीक्षकाला कास भेटते ते जांभा खडक, वाळके गवत आणि वारा या रूपात. फोटो पाहून घरचे विचारतात, ‘फुलं कुठायत?’

या दौऱ्यातला मुख्य अपघात लिंब येथे घडतो. साताऱ्याच्या उत्तरेला, पुणे-बंगळूर महामार्गापासून थोडे आत हे गाव आहे. तिथली बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधली. वरून आकार शिवपिंडीचा, खोली सुमारे ११० फूट आणि विहिरीच्या पोटातच दगडी महाल.

बेत साधा असतो. साताऱ्याचे काम चारला संपते, सांगलीची एसटी सहाला असते, आणि शाखेतला लिपिक म्हणतो, ‘साहेब, गाडीवरनं जाऊ, तासाभरात परत.’ ज्या संस्थेचे दप्तर तपासायचे तिचा पाहुणचार घेऊ नये, हा नियम लेखापरीक्षक पाळतो. पेट्रोल स्वतः भरतो, वर पावती मागून घेतो. विहीर पाहायला पंधरा मिनिटे पुरतात. महालात मेच्या उन्हातही गारवा असतो. तिथल्या घडीव दगडांवर खिळ्याने स्वतःचे आणि प्रेयसीचे नाव कोरणाऱ्यांना याच विहिरीच्या बाराही मोटा ओढायला लावल्या पाहिजेत, बैलांशिवाय.

विहिरीतून वर आल्यावर लिपिक सांगतो की त्याची सासुरवाडी याच गावात आहे आणि जावई वेशीतून परत गेला हे कळले तर वर्षभर ऐकून घ्यावे लागेल. नुसते तोंड दाखवायचे. तोंड दाखवताच पाणी येते, पाण्यामागून चहा आणि चहामागून पाट. सासूबाई आतून म्हणतात, ‘आलायसा तर दोन घास खाऊनच जावा की, सायब.’ लेखापरीक्षक घड्याळ दाखवतो. सासूबाई घड्याळाचे कौतुक करतात. लेखापरीक्षक नियम सांगतो. ‘माझं कुठं खातं हाय तुमच्या त्या ब्यांकंत?’ असे उत्तर येते, आणि ते कायद्याने बिनतोड असते.

मग भाकरी, भरले वांगे, ठेचा आणि आमरस. आमरस वाढताना ‘नको’ हा शब्द होकारार्थी धरतात. वाटी उपडी केली तर नवी वाटी येते. एरवी कधीच वेळेवर न सुटणारी सहाची गाडी त्या दिवशी सहाला सुटते. तेवढ्यात घरातले धाकटे पोर पाहुण्याची बॅग उघडते आणि थकबाकीदारांच्या यादीवर वाटीभर आमरस सांडतो. तीन नावे कायमची पिवळी होतात. त्यांतले एक आडनाव दारावरच्या पाटीवरही असते. पोराला कोणी रागावत नाही. उलट त्याला आणखी एक वाटी मिळते. रात्रीचा मुक्काम अर्थातच तिथे पडतो.

यामुळे पुढचा प्रवास घाईत होतो. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. त्या प्रीतिसंगमावरच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. एसटी स्थानकात दहा मिनिटे थांबते. तेवढ्यात चहा होतो, संगम होत नाही.

सांगलीत कृष्णेवर १९२९ सालचा आयर्विन पूल आहे. नदीचे पाणी तिथे फुटांत मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या काळातली कीर्द मागितली की कपाटातून फुगलेली, एकमेकांना चिकटलेली पाने निघतात. कोणीतरी ती उन्हात एकेक करून वाळवलेली असतात. त्या पानांवर लेखापरीक्षक शेरा मारत नाही.

शेवटचा थांबा मिरज. इथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावात, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. वाद्यांच्या दुकानात छताला वाळलेले भोपळे टांगलेले असतात आणि खाली कारागीर तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवून जवारी लावत असतो. कॅल्क्युलेटर नाही, व्हाउचर नाही, नुसता कान. सूर जुळतो आणि रोज फरक शोधणारा माणूस तिथे विनाकारण उभा राहतो. त्याची परतीची गाडीही चुकते, पण या चुकण्याबद्दल तो तक्रार करत नाही.

बिलात लिंबचे प्रयोजन ‘स्थानिक चौकशी’ असे लिहितात आणि ते नामंजूर होते. पिवळ्या यादीबद्दल मुख्य कार्यालय खुलासा मागते. ‘हळद’ असे लिहिल्यास सांगलीच्या नावावर तो खपतो. या दोन जिल्ह्यांत दौरा आखणाऱ्याने अंतरे नकाशावर पाहावीत, पण वेळ ठरवण्याआधी सोबतच्या माणसाची सासुरवाडी कुठे आहे ते विचारून घ्यावे.