थ्रीसीसीडी काका

प्रत्येक गावात कॅमेऱ्यातला एक जाणकार असतो, आणि बहुधा त्याच्याकडे कॅमेरा नसतो. आमच्या सांगलीत हा मान थ्रीसीसीडी काकांचा. काका जिल्हा परिषदेत, लेखा विभागात. त्यांना खरं नाव आहे, पण ते आता फक्त पगारपत्रकात आणि रेशनकार्डावर उरलंय.

हे नाव पडलं ते २००४ च्या सुमारास. दुबई-सिंगापूरला जाऊन आलेला प्रत्येक जण तेव्हा मुठीत मावणारा हँडीकॅम घेऊन यायचा. काकांनी तो हातात घेऊन, उलटसुलट करून परत दिला आणि जाहीर केलं, "घ्यायचा तर थ्रीसीसीडी." म्हणजे काय, हे विचारणाऱ्याची पुढचा पाऊण तास सुटका नसे. समोर तीन कप मांडले जात: लाल, हिरवा, निळा. चमचा म्हणजे लेन्समधून येणारा प्रकाश. मधे उभी केलेली खारी म्हणजे प्रिझम. प्रकाश प्रिझममध्ये शिरतो, त्याचे तीन रंग होतात, आणि एकेका रंगाला स्वतंत्र सीसीडी, म्हणजे सेन्सर, मिळते. समजावून झालं की काका प्रिझम चहात बुडवून खात.

बजेट ऐंशी हजार. काकांना हवे असलेले कॅमेरे लाखाच्या पुढचे. पण खरी अडचण ती नव्हती. खरी अडचण अशी की काका लेखा विभागातले. दुसरा कुणी आधी कॅमेरा घेतो आणि मग स्टँडला पैसे नाहीत म्हणून रडतो. काका उलट्या बाजूने वजाबाकी करत. पॅन करताना झटका न देणारा, फ्लुइड हेडचा ट्रायपॉड. कॉलर माईक. दोन जादा बॅटऱ्या. साठ-साठ मिनिटांच्या कॅसेटींचा डबा. "चित्र जरा वाईट आलं तर लोक कलात्मक म्हणतात, पण आवाज वाईट आला की उठून जातात," हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. तर ही सगळी वजाबाकी होऊन कॅमेऱ्याला एकेचाळीस हजार उरत. एकेचाळीस हजारांत बसेल असा थ्रीसीसीडी, माईकसाठी एक्सएलआर सॉकेटवाला कॅमेरा जपानने काढलेला नव्हता, आणि याबद्दल काकांचा जपानवर राग होता.

कॅमेरा हवा होता शॉर्टफिल्मसाठी. पटकथा तयार होती: दुष्काळी भागातला शाळकरी पोरगा आणि त्याची शेळी. नायक ठरलेला, पाचवीतला पुतण्या. शेळीचंही शेजारच्या मळ्यात बोलणं झालेलं. प्रश्न एकच, सोनीचा पीडी-१७० की पॅनासॉनिकचा डीव्हीएक्स-१००? पीडी-१७० अंधारात राजा, म्हणजे कंदिलाच्या प्रसंगाला तो. डीव्हीएक्स सेकंदाला पंचवीस पूर्ण फ्रेम घेतो, सिनेमासारखं दिसतं, म्हणजे माळरानाला तो. काकांनी यावर तोडगा म्हणून पटकथेतली रात्र काढून टाकली, मग वाईट वाटून परत घातली. डेव्हिड लिंचने 'इनलँड एम्पायर' पीडी-१५० वर काढला, हे ते अशा आपुलकीने सांगत की लिंचसाहेब त्यांच्याच खात्यात वरच्या टेबलावर असावेत. काकू एकदा आतून म्हणाल्या, "मग त्यांचं काम झालं असेल तर मागून घ्या की तो."

काकूंचा भाऊ न्यू जर्सीला. तिकडे स्वस्त पडतं, येताना आणतो म्हणाला. झालं! महिनाभर आम्ही एनटीएससी ऐकलं. अमेरिकेतला कॅमेरा सेकंदाला साठच्या ठेक्यावर चालतो, आपली वीज पन्नासच्या. आपल्या ट्यूबलाइटखाली त्याने शूटिंग केलं की अख्खं चित्र धडधडतं. शटर शंभरावर ठेवलं की ही धडधड जाते हेही काकांना पक्कं माहीत होतं. पण उपाय मेव्हण्याला सांगितला असता तर कॅमेरा आला असता. २००५ च्या आसपास सोनीचा झेड-१ आला. एचडी, आणि त्यात पन्नास, साठ दोन्ही ठेके. त्या आठवड्यात काका फार अस्वस्थ होते, हरकत घ्यायला जागाच उरली नव्हती. मग कळलं की अंधारात तो पीडी-१७० पेक्षा कमी पडतो. काकांना हायसं वाटलं.

वर्षातून एकदा बोरा बाजारची वारी. सीएसटीला उतरायचं, फोर्टातली ती गल्ली गाठायची आणि दुकानात शिरताच म्हणायचं, "मालक, जरा ट्यूब बंद करता का?" अर्ध्या काळोखात काका गेन अठरा डीबीवर नेत आणि चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावत. "या बघा, मुंग्या!" पडद्यावर काळ्या भागात खरंच ठिपके वळवळत असत. बाकीची गिऱ्हाइकं अंधारात उभी. मालकाने पहिल्या वर्षी चहा मागवला. पुढे पुढे तो काकांना बघितलं की आपणहोऊन ट्यूब बंद करी आणि इतर गिऱ्हाइकांना म्हणे, "यांना विचारा." शेवटी प्रश्न यायचा, बिलाने की बिनबिलाचा? बिनबिलाचा बजेटात बसे. पण बिनबिलाची वस्तू घरात आणणं लेखा विभागाच्या माणसाला कसं जमावं? काका कटिंग पिऊन रात्रीच्या गाडीने परत.

कॅनन फाइव्ह-डी मार्क टूवर २००८ मध्ये व्हिडिओ आला आणि सगळे लग्नवाले त्याच्यामागे धावले. काकांनी थांबवलं. "एका वेळी बारा मिनिटं चालतो, फाईल भरते, बंद पडतो. आपल्याकडे बारा मिनिटांत मंगलाष्टकं संपतात? गुरुजी आहेत, दोन्हीकडच्या मावश्या आहेत, स्वतः रचून आणणारे एक आजोबा आहेत." दोन कॅमेरे लावा, एक मागेपुढे सुरू करा, हा सल्लाही त्यांचाच. पुढे पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून खांद्यावरच्या एमसी-२५०० ची टूम आली, तेव्हा "एवढं मोठं धूड, आत सेन्सर पाव इंचाचा" असं म्हणून त्यांनी तोही निकालात काढला. पण एका स्टुडिओवाल्याला मात्र तोच घ्यायला लावला, कारण "तुझं गिऱ्हाईक सेन्सर बघत नाही, खांदा बघतं." त्या स्टुडिओवाल्याने आता बंगला बांधलाय. गावातल्या निम्म्या लग्नांचे कॅमेरे काकांच्या सल्ल्याने आलेत आणि एकाचाही पैसा वाया गेलेला नाही. दुसऱ्याच्या बजेटात काका पाच मिनिटांत निर्णय देतात. काकांना चंचल म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

परवा पुतण्याचं लग्न झालं. तोच, शेळीवाला नायक. आता दाढी, बेंगळुरूत नोकरी. अंतरपाट धरलेला आणि काका कॅमेरावाल्या पोराच्या कानाशी, "गेन उतरव, नऊच्या वर नको. नवरीच्या शालूवर व्हाईट बॅलन्स घेतलास काय रे?" पोराकडे काकांनीच सुचवलेला एनएक्स-१००, एक इंची सेन्सरचा. पंगतीत तो काकांच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "काका, तुमची ती पिक्चरची स्टोरी आहे ना, माझा कॅमेरा न्या. आषाढात मुहूर्त नाहीत, पंधरा दिवस पडूनच असतो. भाडं नको."

काकांचा जिलबीचा हात थांबला. पंगतीतले आम्ही सगळेच बघत होतो. आता बजेट नाही, बिल नाही, ठेका पन्नासचा.

"कॅमेरा चांगलाच आहे रे," काका म्हणाले, "पण त्यात फोर-के नाही."

"फोर-के कशाला लागतंय काका?"

"शेळी जवळून दाखवायची आहे. केस न् केस दिसला पाहिजे."

"अहो, शेळी तरी आहे का अजून?" काकू वाढता वाढता म्हणाल्या.

"ती बघायचीच आहे," काका म्हणाले. "उस्मानाबादी घ्यावी की सिरोही, ते ठरत नाहीये."