तंटामुक्त कीबोर्ड

महाराष्ट्र सरकारनं १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा कॅप्टन अंगणवाडीतून नुकताच सुटला होता. धुऱ्याचे, भावकीचे, सामाईक विहिरीच्या पाळीचे तंटे गावातच बसून मिटवायचे, ठाण्यापर्यंत जाऊ द्यायचे नाहीत, असा त्या मोहिमेचा हेतू. गावोगावच्या समित्या पुढं थंडावल्या. कॅप्टननं मात्र ही मोहीम एकट्याच्या जिवावर चालू ठेवली आहे, १०४ बटणांच्या एका गावात.

दिवसा तो किल्लारीत ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवतो. सातबारा, पीक विमा, पॅन कार्ड, रेल्वेचं तिकीट, जे म्हणाल ते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रात्री शटर खाली आलं की त्याच संगणकावर व्हॅलोरंट हा बंदुकांचा खेळ सुरू. गडी एकूण पाच. दोघं पुण्यात नोकरीला, एक औशात, एक लातूरला ‘नीट’ची तयारी करतो असं त्याच्या घरच्यांना वाटतं, आणि पाचवा हा. पाचही जण डिस्कॉर्ड या बोलायच्या ॲपवर बोलत बोलत खेळतात. गावातली बाकीची पोरं मोबाइलवर बीजीएमआय खेळतात, पण त्यांना कॅप्टन खेळाडूत धरत नाही. त्यांच्याकडं बटणंच नाहीत, मग तंटा कुठून येणार आणि तो मिटवायचा कोणी?

तंटा असा. व्हॅलोरंटमध्ये डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांवर असतो, त्यांनी चालायचं. शिफ्ट दाबलं की पावलांचा आवाज न करता चालता येतं, कंट्रोल दाबलं की खाली बसता येतं. जी दाबलं की हातातली बंदूक जमिनीवर. आणि साथीदारांशी बोलायचं बटण मुळात व्ही. आता डी आणि व्ही, दोन्ही तर्जनीच्या वाट्याला. म्हणजे ‘उजवीकडं सरका’ असं बाकीच्यांना सांगायचं असेल, तर सांगणाऱ्यानं स्वतः जागेवर उभं राहायचं. असे पुढारी आपण पाहिलेले आहेत. पण कॅप्टनला हा अन्याय सहन झाला नाही, आणि त्यानं बोलण्याचं बटण हलवायला घेतलं.

आधी ते आल्टला दिलं. दुकानात मराठी अर्ज टाइप करावे लागतात म्हणून संगणकावर इनस्क्रिप्ट बसवलेलं आहे, आणि आल्ट नि शिफ्ट एकदम दाबले की भाषा बदलते. दबकत चालता चालता हा बोलला की इकडं कीबोर्ड मराठी व्हायचा. डाव संपल्यावर रीतीप्रमाणं विरोधकांना दोन वेळा जी टाइप करून ‘छान खेळलात’ म्हणायला गेला, तर पडद्यावर अक्षराविना लटकलेले दोन ऱ्हस्व उकार. समोरच्या टोळीला ही काहीतरी गावरान शिवी वाटली असावी.

मग कॅप्स लॉक. रात्रभर बोलून झालं की दिवा चालू राहिला का बंद, हे पाहायचं भान कुणाला? सकाळी पीक विम्याच्या रांगेतले दहा जण टेबलाभोवती उभे, आणि पासवर्ड चुकीचा, पासवर्ड चुकीचा. मग शिफ्ट. ते लागोपाठ पाच वेळा दाबलं की विंडोज मध्येच चौकट उघडून विचारतं, स्टिकी कीज चालू करू का? डोक्यावर बंदूक रोखलेली असताना या प्रश्नाला नम्र उत्तर देता येत नाही. कधी डिस्कॉर्डला बटण ऐकूच जायचं नाही. त्याचं कारण कॅप्टननं शोधून काढलं: गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल तर डिस्कॉर्डही तसाच चालवावा लागतो. हे तो आता चहाच्या टपरीवर, न विचारता, कुणालाही सांगतो.

या सगळ्यात खेळणं किती होतं? औशाचा गडी एकदा कंटाळून म्हणाला, ‘कॅप्टन, तू खेळूलालास का सेटिंग करूलालास?’ प्रश्न रास्त होता. गणेश मंडळात पोरसवदा असतानाही तो स्टेजवर सगळ्यांच्या आधी हजर असायचा, ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ करायला. कार्यक्रम सुरू झाला की त्याचं काम संपलं. काही माणसांना वाजंत्रीपेक्षा वायर जास्त आवडते.

घरातला एक तंटा मात्र बटणानं मिटण्यासारखा नव्हता. त्याची आजी भूकंपातून वाचलेली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून दमून झोपलेलं किल्लारी जमीनदोस्त झालं. लातूर-धाराशिव भागात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. गाव पुढं नव्या जागी बसलं, रुंद रस्त्यांचं, सुट्या सुट्या घरांचं. आजीची झोप तेवढी काही बसली नाही. आणि एका पहाटे साडेतीनच्या सुमाराला पुढच्या खोलीतून आवाज आला, ‘पडला! पडला! दोन पडले!’ आजी गोधडीसकट, धाकट्या नातवाला दंडाला धरून, अंगणात. ‘भाईर निघा, भाईर निघा!’ शेजारच्या तीन घरांतले दिवे लागले. माणसं अंगणात येऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही. सकाळी वडिलांनी एकच नियम केला: रात्री दहानंतर या घरात काही पडणार नाही. तेव्हापासून कॅप्टनचे शत्रू मरत नाहीत, पडत नाहीत, ‘झोपतात’. पुण्याची पोरंही आता तसंच म्हणतात.

शेवटी तडजोड झाली ती पुन्हा व्हीवरच. गेममधलं बोलणं बंद, बोलायचं फक्त डिस्कॉर्डवर, आणि व्ही अंगठ्यानं दाबायचं. एक कसर राहिली. अंगठा लवकर उचलला जायचा आणि वाक्याचं शेपूट तुटायचं. ‘मी तिकडं येत’ एवढंच पोचायचं, पुढचा ‘नाही’ किल्लारीतच राहायचा. चौघं वाट बघत झोपायचे. म्हणून त्यानं बटण सोडल्यावरही माईक दोनेक सेकंद उघडा राहील अशी सोय केली. कीबोर्ड तंटामुक्त झाला.

तंटा सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी. डिस्कॉर्डचं बटण दुसरी कुठली खिडकी उघडी असली तरी काम करतं, आणि इनस्क्रिप्टमध्ये व्हीच्या जागी ‘न’ असतो. डिस्कॉर्डवरची रात्रीची बोलण्याची खोली बंद करायची राहून गेली होती. सकाळी एक तात्या जमिनीच्या मोजणीचा अर्ज करायला आले. कॅप्टननं ‘विनंती’ टाइप केलं, माईक उघडला. ‘जमिनीच्या’ टाइप केलं, माईक उघडला. समोर बसून तात्या आपल्या थोरल्या भावानं धुरा कसा कोरला, दर नांगरटीला कसा हातभर आत सरकला, हे त्याच्या गुणवर्णनासह सांगत होते. ते दोन-दोन सेकंदांच्या तुकड्यांत, पुण्यात घरून काम करणाऱ्या एका गड्याच्या कानात पडत होतं. तो गडी त्या थोरल्या भावाचा मुलगा. तात्यांचा फोन दुपारी वाजला. ‘तात्या, माझ्या बापाला काय काय म्हणूलालाव तुम्ही?’

अर्जात ‘न’ जरा कमी असते तरी प्रकरण एवढं वाढलं नसतं, असं कॅप्टनचं प्रामाणिक मत आहे. त्यानं आता बाजूला जादा बटणं असलेला माउस मागवलाय. बोलण्याचं बटण खरं तर तिथंच असायला हवं, हे पुण्याची पोरं त्याला पहिल्या दिवसापासून सांगत होती. तो माउस येईपर्यंत किल्लारीत अर्ज टाइप करून घ्यायला गेलात, तर आधी डिस्कॉर्ड बंद करायला सांगा. आणि भावकीबद्दल जे काही बोलायचं असेल, ते पैसे देऊन, पावती घेऊन, रस्त्यावर आल्यावर बोला.