दूताला हातमोजे कशाला?

गटारात उतरणाऱ्याला आपण 'स्वच्छतादूत' म्हणू लागलो, हे उत्तम झालं. 'कामगार' म्हटलं की तो हातमोजे, ऑक्सिजनचं नळकांडं असल्या क्षुद्र वस्तू मागतो. दूत काही मागत नाही.

संरक्षक साधनांशिवाय कुणाला गटारात उतरवायला २०१३च्या कायद्यानं बंदी आहे. म्हणजे जो उतरतो तो स्वेच्छेनंच. त्याग म्हणतात तो हाच! खालचा हायड्रोजन सल्फाइडही सभ्य. फार झाला की आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच काढून घेतो. वीराला दुर्गंधीचा त्रास नको. मागे राहिलेल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली दहा लाख ठरवले, २०२३ साली तीस. नऊ वर्षांत तिप्पट! बँकेची मुदत ठेव लाजेल.

खटकतं एवढंच, की हा मान पिढ्यान्‌पिढ्या त्याच वस्त्यांकडे जातो. परवा आमच्या सोसायटीची सेप्टिक टाकी तुंबली. मी सभेत सुचवलं, यंदा हौतात्म्याची संधी कार्यकारिणीला द्यावी, वयाच्या ज्येष्ठतेनुसार.

यंत्र भाड्यानं आणण्याचा ठराव पाच मिनिटांत एकमतानं मंजूर झाला. चहा यायच्या आत.