मदरबोर्डचा आराखडा करणाऱ्या महोदयांस



आपण आखलेल्या मायक्रो-एटीएक्स बोर्डावर काल रात्री वेगळा विकत आणलेला टॉवर कूलर बसवला. संगणक सुरू केला आणि पडद्यावर अक्षरं उमटली : सीपीयू फॅन एरर. पंख्याची वायर पिनांवरून निसटली होती. एरवी क्षणाचं काम. पण त्या चार पिना आपण सॉकेटच्या वरच्या अंगाला, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमच्या हीटसिंकला खेटून लावल्या आहेत. कूलर चढला की वर पत्र्यांची चळत आणि मागे ॲल्युमिनियमची भिंत. बोट शिरत नाही. चिमटा शिरतो, पण वळत नाही. सबब ती वीतभर वायर पुन्हा खोचण्यासाठी अख्खा कूलर उतरवला, पेस्ट पुसली, नवी लावली आणि चारही स्क्रू पुन्हा तिरपे-तिरपे आवळले. आपल्या दूरदृष्टीला वंदन!

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. रॅम उंच म्हणून पंखा वर सरकवावा, तर कॅबिनेटचं दार लागत नाही. ग्राफिक कार्डाची कडी दाबायला पेन्सिल लागते. २०२१ मध्ये एलजीए १७०० सॉकेट आलं, कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटरवरून ७८ झालं आणि धडधाकट कूलर नव्या ब्रॅकेटअभावी अडले. पण तो गुन्हा आपला नाही.

आपली अडचण मला कळते. बोर्ड जेमतेम २४४ मिलिमीटरचा चौकोन. रॅम लांब नेली तर सिग्नल बिघडतो. व्हीआरएम लांब नेलं तर शंभरावर अँपिअरच्या प्रवाहामुळे वीज वाटेतच वाया जाते. सगळ्यांना प्रोसेसरच्या जवळच राहणं भाग आहे.

मग हीटसिंकवर ते प्लास्टिकचं चकचकीत आवरण कशाला? ते ना उष्णता नेतं, ना वीज. कंपनीचं नाव मिरवतं आणि रंगीत दिवे लावतं. अहो, महिरप पानाभोवती काढतात, पानात नाही! ती आपण काढली नसणार. विक्री विभागातल्या कुणीतरी आपल्या आराखड्यावर आणून आदळली असणार. त्याला तिथंच खडसावायचं होतं. हे सारं शेवटी माणसाच्या हातांनी बसवायचं असतं, हे त्या बैठकीत बहुधा आपल्या एकट्यालाच ठाऊक होतं.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, बोटभर जागा असावी.

आपला,
तर्जनी सोललेला एक ग्राहक